मेल्यांनो, सोडा माझ्या पोरीला!

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! ज्या तोंडानं घोटाळा केला त्याच तोंडानं सांगावं लागणार. चहा घ्या, मग ऐका.

मी लातूरची. ताथवड्यात शेवंताकाकूंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. काकू इथल्या जुन्या गावकरी घरातल्या. मन लोण्याचं, कान मात्र सशाचे!

तेव्हा आमची टीम चाकणच्या एका कारखान्यासाठी जावामध्ये प्रोग्रॅम लिहीत होती. तिथल्या मशीनवरचे कॉम्प्युटर, मध्ये कुणी मुकादम न ठेवता, एकमेकांशी थेट बोलायचे. बोलायचे झकास, पण दुपारपर्यंत मेमरी फुगून फुगून सगळं ठप्प! ह्याला म्हणायचं मेमरी लीक. तो शोधायचं काम माझ्या गळ्यात. नोकरी नवी, अजून कायम झालेले नव्हते. लीक नाही सुटला तर नोकरी सुटणार!

एका सकाळी चोर सापडला. जावा कचरा आपोआप उचलते हो, पण आपण हातात घट्ट धरलेली वस्तू ती कशी उचलणार? बंद पडलेल्या कॉम्प्युटरांची माहिती माझा कोड सोडतच नव्हता! आनंदाच्या भरात मी गॅलरीतून आमच्या टीम लीडला, निखिलला, फोन लावला.

"निखिल, शेकड्यानं मेलेत रे! पण सुटला एकही नाही. मीच धरून ठेवलेत सगळे!"

मागं वळते तर जिन्यात भाजीची वाटी घेऊन काकू. चेहरा पांढराफटक.

"पोरी, कोन मेलं?"

आता बघा, माझ्या कामाबद्दल आजवर कुणी कधी विचारलं नव्हतं. मी अशी फुलले म्हणता!

"काकू, आधी छान बोलत असतात. मग अचानक जातात."

"आन् मंग?"

"मग काय, साठत राहतात. दुपारपर्यंत इतके होतात की जिवंत असलेल्यांना जागाच उरत नाही."

"द्येवा! मंग सोडत का न्हाईस गं त्यास्नी?"

"चूक माझीच आहे हो. आज जेवण झालं की सगळ्यांना मोकळं करणार!"

"एकटी?"

"निखिल असेल की ऑनलाइन."

काकूंनी वाटी पायरीवरच ठेवली, पदर खोचला आणि खाली पळाल्या. मला वाटलं, काय कळकळ आहे बाईला!

दुपारी व्हिडिओ कॉल. मी, निखिल आणि कारखान्याचे मॅनेजर सावंतसाहेब. नवा कोड चढवला. तिघंही मेमरीच्या आलेखाकडे टक लावून बसलो. रेष चढतेय... चढतेय... आणि धाडकन दार उघडून काकू आत! एका हातात निखाऱ्यांचं घमेलं, दुसऱ्या मुठीत मीठ-मोहरी-मिरच्या. माझ्यावरून ओवाळून सगळं निखाऱ्यांवर ओतलं आणि गरजल्या,

"मेल्यांनो, सोडा माझ्या पोरीला!"

धूर! असा ठसका लागला की माईक बंद करायचं बटणही दिसेना. डोळ्यांतून धारा.

सावंतसाहेब घाबरले. "अहो मॅडम, रडू नका! साधा प्रोग्रॅम आहे. आज नाही तर उद्या होईल!"

तेवढ्यात निखिल ओरडला, "रेष बघा, रेष!"

चढत गेलेली रेष सर्रकन खाली आली होती. पुन्हा थोडी चढली, पुन्हा उतरली. संध्याकाळपर्यंत एकही मशीन अडकलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढं मी कायम झाले हो!

काकूंना नीट बसवून समजावलं. मेलेले म्हणजे कॉम्प्युटर, माणसं नव्हेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "व्हय, व्हय. कामपुटरची भुतं तर लईच वंगाळ!"

परवा काकूंनी माझ्यासाठी स्थळ आणलं. देहूरोडचा मुलगा. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले, कारण आत काकू त्याच्या आईला सांगत होत्या, "पोरगी लाखात एक! शेकड्यानं भुतं संभाळून नोकरी करती!"

झालं. म्हटलं, हे स्थळ गेलंच.

पण काल मुलाचा चक्क फोन आला. मी घाईघाईनं खुलासा करायला लागले, तर त्यानं हसू दाबत मध्येच थांबवलं.

"बाकी काही विचारायचं नाही मला. फक्त एवढंच सांगा, मेल्यावर तरी सोडाल ना?"