मागच्या खोलीतला पलंग

परवा दुपारी आमच्या मस्तगडातल्या किरायाच्या घरात एका पलंगावरचं प्लॅस्टिक निघालं. बातमी एवढीच. पण त्यापायी माझा जीव पार मेटाकुटीला आला होता, म्हणून लिहितेय...

घर घेतलं तेव्हा बोली रिकाम्या घराची होती. खाली दोन खोल्या नि किचन, वर घरमालक. सामान घेऊन आले तर मागची खोली गच्च भरलेली! मोठा पलंग, लोखंडी कपाट, ड्रेसिंग टेबल... सगळं कोरं करकरीत, प्लॅस्टिकात गुंडाळलेलं. आरशावरसुद्धा पेपर चिकटवलेले.

घरमालकांना सगळे अण्णा म्हणतात. ते म्हणाले, "दोन-चार दिवसांत उचलतो, मॅडम." झालं! ते दोन-चार दिवस काही उजाडले नाहीत.

मी टेम्पोचं नाव काढलं की अण्णांचं पंचांग निघायचं. आज अमावस्या, मंग शनिवार, मंग पितृपक्ष. "इतकी जल्दी कशाला करून राह्यल्या?" असं वर मलाच विचारायचे. इकडे माझ्या बॅगा सिलिंडरला टेकून उभ्या, आणि मी पुढच्या खोलीत खाली गादी टाकून.

एकदा वैतागून म्हटलं, मग मीच झोपते त्या पलंगावर. तर अण्णांच्या बायकोचा, काकूंचा, चेहराच उतरला. "न्हाई न्हाई, त्याला हात लावू नका." वापरूही देईनात, उचलूनही नेईनात. डोकं धरून बसायची वेळ आली.

त्या घरात दोन शब्द बोलावेसे वाटत ते त्यांच्या लेकीशी, शीतलशी. मला वाटलं, माहेरपणाला आली असेल. जिन्यात दिसली की मी हटकून म्हणायचे, "काय गं, जावईबापू न्यायला येतात की विसरले?" ती हसायची. मीही हसायचे...

मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. घनसावंगीला ती एकटीच असते, त्यामुळे नंतर माझ्याकडेच आणायची होती. डॉक्टरांनी बजावलं, खाली बसायचं नाही, खाली झोपायचं तर बिलकुल नाही. बाथरूम मागच्या खोलीला लागून, म्हणजे तिची सोय तिथंच लावायला हवी होती. आणि तिथं तर कॉट सोडा, खुर्ची ठेवायला जागा नव्हती.

डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून आले ती सरळ वर गेले. भांडायचं ठरवूनच. "अण्णा, उद्या आई येतेय. सामान उचला, नाहीतर मी सगळं ओट्यावर काढून ठेवते." आवाज चढला होता माझा. अण्णांनी या वेळी पंचांग काढलं नाही.

काकूच बोलल्या. "ते शीतलच्या लग्नात दिलेलं हाय, मॅडम. तिकडचं मोडलं. आधी लेक आली, मागून सामान आलं. लेकीला दिलेलं परत घरात घेत न्हाईत. अन् विकावं तर लोक म्हणतील, लेकीचा संसार विकून खाल्ला."

मी म्हटलं, "अहो, पण खालचंही घर तुमचंच ना?"

"खाली चूल तुमची हाय. म्हणजे घर तुमचं."

मी खुर्ची ओढून बसले. म्हणजे त्यांना किरायदार हवा होता तो यासाठी! सामान दारातही राहील आणि घरातही येणार नाही. हसावं की रडावं कळेना.

आणि मग माझं ते 'जावईबापू' आठवलं. इतक्या वेळा, इतक्या उत्साहानं... जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं. वर बघते तर दारात शीतल उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. मी खाली आले. आईला कुठं झोपवायचं, ते तसंच राहिलं.

परवा दुपारी रिक्षातून आईला उतरवलं आणि धरून आत आणलं, तर मागची खोली झाडून पुसून लख्ख. कपाट भिंतीला सरकवलेलं. शीतल कात्री घेऊन पलंगावरचं प्लॅस्टिक कापत होती, कडेकडेनं, अगदी नीट.

"ताई, आईंना इथं झोपवा. उंची बराबर आहे, गुडघा जास्त वाकवावा लागणार न्हाई. मी सकाळपासून बसून-उठून पाह्यलं."

"शीतल, मी ते जिन्यात सारखं..." एवढंच तोंडातून निघालं. तिनं उशी माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुम्ही अभ्रा घाला, मी आईंना धरते."

आई हळूहळू टेकली. गादीवरून हात फिरवत म्हणाली, "किती छान आहे गं... कुणाचा पलंग हा?"

मी अण्णांचं नाव सांगणार होते. ते आणि काकू जिन्यात येऊन उभे होते, खाली यायला धजत नव्हते.

"माझा आहे," शीतल म्हणाली. "माझ्या अण्णांनी मला दिलेला."

अण्णा तिथंच पायरीवर बसले. खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून...

कपाट अजून इथंच आहे. माझ्या बॅगाही सिलिंडरजवळच आहेत, आणि झोप तर कधीची पुरी झालेली नाही. पण टेम्पोचं नाव मी आता काढत नाही. आरशावरचे पेपर निघालेत. परवापासून संध्याकाळी शीतल खाली येते नि त्या आरशासमोर आईची वेणी घालते.

लेकीला दिलेलं परत घ्यायचं नसतं म्हणतात, ते खरंच आहे. ते तिचंच असतं... थँक्यू गं, शीतल.