तडजोडीचं प्रकरण

बार्शीहून सकाळच्या एसटीनं निघालो. आभाळ भरलेलं होतं. भिगवणजवळ उजनीचं पाणी राखेसारखं दिसत होतं. कॉलेजात मला इतिहास शिकवलेल्या गायकवाड सरांचा फोन आला होता, "डोळ्यांनी दगा दिलाय. मी लिहिलेलं पुस्तक प्रकाशकाकडे न्यायच्या आधी एकदा वाचून दाखव."

स्वारगेटला उतरून धनकवडीला गेलो. सरांनी आवाजावरून ओळखलं. भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन आम्ही वाचायला बसलो.

पुस्तक अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधीच्या माणसांवर होतं. गुलामगिरी गुलामांच्याच भल्याची, असं सिनेटमध्ये ठणकावणारा दक्षिणेचा पुढारी. गुलामांच्या मुक्तीसाठी शस्त्रागारावर चाल करून फासावर गेलेला म्हातारा. त्याला पकडणारा कर्नल, जो पुढे दक्षिणेचाच सेनापती झाला. सर्वांत मोठं प्रकरण मात्र एका वृद्ध सिनेटरवर होतं. देश फुटू नये म्हणून त्यानं तडजोड मांडली: एक नवं राज्य गुलामगिरीविना राहील, पण पळालेले गुलाम पकडून मालकाला परत द्यावे लागतील.

संध्याकाळी सदाशिव पेठेत प्रकाशकांकडे गेलो. त्यांनी पानं चाळली.

"अहो, अमेरिकेचं भांडण पुण्यात कोण वाचणार? घोड्यावरचे सेनापती ठेवा, ते खपतात. हा तडजोडवाला तेवढा काढा."

"मग पुस्तकच राहू द्या," सर उठले.

"जशी आपली इच्छा. पायरी सांभाळून उतरा."

मी त्यांना हात धरून खाली आणलं. सात वर्षांचं काम होतं. न राहवून म्हणालो, "सर, एक प्रकरण गेलं तरी बाकीचं लोकांपर्यंत पोचेल ना?"

ते फुटपाथवरच थांबले. "मेसच्या वेळीही तू हेच म्हणाला होतास."

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये बौद्ध मुलांना इतरांबरोबर बसू देत नव्हते. मी विद्यार्थी प्रतिनिधी होतो. मी तोडगा काढला: सगळे एकाच खोलीत जेवतील, पण त्या मुलांची ताटं वेगळी राहतील. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. सर स्वतः बौद्ध. त्या दिवशी ते काहीच बोलले नव्हते.

"मिलिंद आठवतो?" त्यांनी विचारलं. "तिसऱ्या दिवशी ताट तिथंच ठेवून उठला. कॉलेजच सोडलं त्यानं."

"भांडण मिटावं, एवढंच वाटत होतं, सर."

"त्या सिनेटरलाही तेच वाटत होतं. त्याला मी वाईट लिहिलेलं नाही. तूच वाचलंस." मग हळूच म्हणाले, "रिक्षा बघ. पाय दुखतात आता."

त्यांना घरी पोचवलं. जाताना त्यांनी नेहमीसारखंच सांगितलं, "जपून जा."

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलो. माझ्यामुळे ती मुलं त्या खोलीत जेवू लागली, ही गोष्ट मी शाळेत शिकवताना किती वर्गांना अभिमानानं सांगितली आहे! मिलिंदचं नाव त्यात कधीच नव्हतं. त्याला शोधावं, असं इंदापूरपर्यंत मनात घोळत राहिलं. पण त्याचं गाव कोणतं, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.