डायरीतली कावीळ

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या हवालदारावर खोट्या आजारपणाचा दोषारोप ठेवण्यात आला. मी तेव्हा दौंडला पोलीस उपअधीक्षक होतो; खातेनिहाय चौकशी माझ्याकडे आली. ती आजही मनातून गेलेली नाही.

कागद सरळ होते. स्टेशन डायरीत सहा महिन्यांत चार वेळा ‘कावीळ, सिक रजा’ अशी नोंद. काविळीचा केसपेपर मात्र एकाही दवाखान्यात नाही. ठाण्यात त्याला विचारत, “काय दाजी, पिवळं उतरलं का?” आरोप सिद्ध झाला, तर बडतर्फी होती.

मग निनावी फोन आला. कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून हवालदार शिरूरहून पुण्याला जाणारी सरळ गाडी सोडतो, वाट वाकडी करून यवतहून एसटी पकडतो आणि दर महिन्याला पुण्याच्या मनोरुग्णालयात जातो.

मी त्याला समोर बसवले. तीन तास तो ‘कावीळच होती’ एवढेच म्हणाला. म्हणून हजेरी मेजरना बोलावले. ठाण्याची हजेरी आणि ड्यूट्या त्यांच्या हातात. सगळे त्यांना मामा म्हणत. ते लगेच बोलले. सणसवाडीजवळच्या अपघातात या हवालदाराने बसमधून नऊ प्रेते काढली होती. तेव्हापासून त्याची झोप गेली. गणवेश चढवला की तो पुन्हा उतरवून ठेवी.

“येड्याच्या दवाखान्याचं लिवलं आसतं, तर त्याची पोरगी कुनी केली आसती, सायेब? सोयरीक जमत आलीया. म्हून म्याच कावीळ लिवली. आमच्यात आसंच लिवत्यात.”

१९९५च्या अपंग कायद्यात मनोविकारही होता. सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नव्हते. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागे. मात्र वैद्यकीय दाखला जोडणे भाग होते. हे मी हवालदाराला सांगितले.

“नोकरी गेली तर जाऊ द्या, सायेब. पन त्यो कागद लावू नका.”

मी लावला.

वरिष्ठांनी फाईल परत पाठवली. कायदा लंगड्या-आंधळ्यांसाठी आहे, असे फोनवर ऐकवले. मी कलमाची प्रत जोडून ती पुन्हा पाठवली. दोन महिन्यांनी आदेश आला : बडतर्फी नाही, मुद्देमाल कारकुनाचे काम.

नोकरी कशी टिकवावी, हे कायद्यात होते. हजेरीत काय वाचावे, हे नव्हते. प्रथेप्रमाणे आदेश सकाळच्या हजेरीत सर्वांसमोर पूर्ण वाचण्यात आला. ‘मनोविकारग्रस्त’ हा शब्द त्यात तीनदा होता. मामा वाचत होते. तिसऱ्या वेळी ते थांबले. पुढचे ठाणे अंमलदाराने वाचले. रांगेतून कोणीतरी म्हणाले, “म्हंजी पिवळं नव्हतंच व्हय, दाजी?”

त्याच आठवड्यात मुलीची सोयरीक मोडली. पुढच्या सोमवारी हवालदाराने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिले होते : कावीळ.