चित्रातली करंगळी

डोळ्यांच्या ऑपरेशनचं एक पुस्तक माझ्याकडे आहे. ते इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही. माझी शाळा चौथीत सुटली. पण त्यातली सगळी चित्रं माझ्या हातची आहेत, आणि त्यातल्या एका चित्रापायी मी ते लिहिणाऱ्या डॉक्टरसाहेबांशी महिनाभर बोललो नव्हतो.

पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना उभा राहत होता. माझं दुकान चिंचवड स्टेशनाजवळ. पत्र्याच्या ट्रंकांवर गुलाब काढायचे, पाट्या लिहायच्या, चाकणच्या बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्या रंगवायच्या, हे माझं काम. इंग्रजी अक्षर मी वाचत नसे, त्याचा आकार बघून काढत असे, आणि चूक होत नसे. डॉक्टरसाहेबांनी दवाखान्याची पाटी माझ्याकडून करून घेतली, तेव्हा त्यांनी न सांगता मी तिच्यावर एक डोळा काढला. तो बघून ते दुकानात आले. म्हणाले, शिकवायचं पुस्तक लिहितोय, चित्रं हवीत. पुण्याचा एक शिकलेला चित्रकार त्यांनी आणला होता, पण ऑपरेशन बघताना त्याला घेरी आली होती. मला आली नाही.

पहिलं चित्र मी सरळ काढलं. वरची पापणी वर, खालची खाली. साहेबांनी ते परत दिलं. ऑपरेशन करणारा पेशंटच्या डोक्यामागे उभा असतो, त्याला चेहरा उलटा दिसतो, तसाच काढा म्हणाले. मी म्हटलं, असं छापलं तर लोक म्हणतील पेंटर पिऊन बसला होता. मग त्यांनी आपल्या डाव्या खांद्यामागे एक उंच स्टूल ठेवलं आणि मला त्यावर बसवलं.

"इथून दिसेल तेवढंच काढायचं," ते म्हणाले. "आपल्या मनानं सुधारायचं नाही."

हा नियम त्यांचा. मी तो पाळला, एवढंच.

रोज सकाळी मी स्टुलावर बसून पेन्सिलीनं कच्चं काढायचो आणि दुपारी दुकानात शाईनं पक्कं करायचो. चित्रांचे छापायचे ब्लॉक पुण्याला होणार होते. ब्लॉकला ब्रशची छटा चालत नाही, एक तर काळं नाहीतर पांढरं. सावली पाहिजे तर टाकानं ठिपके द्यायचे. एका बुबुळाला माझा दीड दिवस जायचा.

मोतीबिंदू काढायला पहिली चीर देतानाचं चित्र झालं आणि तिथं अडलं. मी साहेबांचा हात काढला, हातातली सुरी काढली, आणि पेशंटच्या गालाच्या हाडावर टेकलेली त्यांची करंगळीही काढली.

साहेब म्हणाले, माझा हात कुठंही टेकत नाही. पुस्तकात त्यांनी तसंच लिहिलं होतं, की हात पूर्ण अधांतरी असावा. त्यांच्या गुरूंनी त्यांना तसं शिकवलं होतं. बोट टेकवतो तो शिकाऊ, असं त्यांचं म्हणणं.

"टेकतो, साहेब," मी म्हणालो. "पाटी लिवताना आमची करंगळीबी फळीवर असती. त्याबिगर रेघ सरळ येत न्हाई."

"ती खोडा."

"तुमीच म्हनला, सुधारायचं न्हाई."

त्यांनी माझ्याच डबीतला पांढरा रंग घेतला आणि करंगळीवर स्वतः फासला. भिंतीला पोपडा धरावा तसं ते दिसत होतं. मी म्हटलं, आता हे चित्र माझं नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. बाकीच्या चित्रांचा शब्द दिला होता म्हणून रोज स्टुलावर जाऊन बसायचो.

साहेबांच्या हाताखाली एक डॉक्टरीणबाई शिकत होत्या, कोकणातल्या. पुस्तकाचा मजकूर त्यांनीच टाइप केला होता, त्यामुळे त्यांना तो तोंडपाठ होता. खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणायच्या, लाकडाच्या खोबणीत बसवायच्या आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे हात अधांतरी धरून सुरी चालवायच्या. सुरीचं टोक थरथरायचं. टेबलावर खरा पेशंट असताना साहेबांनी दोनदा त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली. शेवटी सांगितलं, चाकणच्या शिबिरात एक डोळा तुम्हाला देतो, तो नीट झाला नाही तर यापुढे चष्म्याचे नंबर काढा.

शिबिराच्या आधी बाई माझ्या दुकानात आल्या.

"पेंटर, साहेबांचा हात का हलत नाही हो?"

मी कच्च्या चित्रांची चळत काढून त्यांच्यापुढे ठेवली. वीस-पंचवीस कागद असतील, वेगवेगळ्या दिवशी काढलेले. एकेका कागदावर साहेबांची करंगळी टेकलेली. बाईंनी ते दोनदा उलटून पाहिले. मग माझा बारीक ब्रश उचलला, समोरच्या ट्रंकेवर करंगळी ठेवली आणि गुलाबाच्या देठावरून एक रेघ ओढली. रेघ चांगली आली. करंगळी मात्र ओल्या पानावर पडली होती, ती हिरवी झाली. ते पान मला पुन्हा रंगवावं लागलं.

शिबिर चाकणच्या शाळेत होतं. उरलेल्या चित्रांसाठी मी माझं स्टूल घेऊन तिथंही गेलो होतो. बाईंच्या वाट्याला महाळुंग्याची एक म्हातारी आली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या तरी तिचं तोंड चालूच.

"नीट करा बाय. सुनेचा आवाज लय ऐकलाय, आता तोंड बघायचंय."

बाईंनी तिला गप्प पडायला सांगितलं आणि करंगळी तिच्या गालाच्या हाडावर ठेवली. सुरी बुबुळाच्या कडेला एका बाजूनं आत गेली, दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. टोक हललं नाही. साहेब माझ्या स्टुलाशेजारी उभे राहून बघत होते. पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी बाईंना विचारलं,

"बोट टेकवायला कुणी शिकवलं?"

बाई हात धूत होत्या. "तुम्हीच, सर."

पुढचा पेशंट साहेबांचा होता. त्यांनी सुरी घेतली, हात डोळ्यावर आणला आणि थांबले. करंगळी गालावर होती. त्यांनी ती उचलली. सुरीचं टोक किंचित हललं, अजून ते डोळ्यापासून लांब होतं. त्यांनी करंगळी परत ठेवली आणि ऑपरेशन केलं. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते चित्र घेऊन दुकानात आले. म्हणाले, करंगळीसकट नवीन काढून द्या, स्वच्छ. मी म्हटलं, नवीन न्हाई, हेच जाईल. जुन्या ब्लेडनं मी पांढरा रंग खरवडला. खालचा कागद पिंजारला होता, तिथं करंगळीवरून परत टाक फिरवला तशी शाई थोडी पसरली. साहेब म्हणाले, ब्लॉकमध्ये हे दिसेल. मी म्हटलं, दिसू द्या.

बाईंनी मजकुरातली ती ओळ खोडून नवी टाइप केली. मी विचारलं, काय लिहिलंय. त्यांनी मराठीत सांगितलं, हाताला आधार हवा, करंगळी गालाच्या हाडावर हलकी टेकवावी. साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी कागद घेतला आणि बाकीच्या पानांत लावला.

पुस्तकात ती करंगळी बाकीच्या बोटांपेक्षा जाड आली आहे. साहेबांची बोटं सडपातळ होती. दुसऱ्यांदा पुस्तक छापायला घेतलं तेव्हा त्यांनी परत विचारलं, आता तरी नवीन काढता का. मी नाही म्हटलं.