अंड्याच्या सारणातला काळा मणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. माझ्या मंगळसूत्रातला एक मणी कमी आहे हे त्याला अजून दिसलेलंच नाही — पण तो वैताग वेगळा.

सुरुवात नेनेकाकांपासून करते. लंडनजवळ हॅरोच्या लायब्ररीत आमचं मराठी वाचनमंडळ भरतं, काका त्याचे सर्वेसर्वा. मी पुण्यात कधीकाळी जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे! भाषणाचा विषयच गळ्यात मारला — जर्मन कादंबऱ्यांमधलं कामगारांचं रोजचं जगणं. नाही कसं म्हणायचं? एक जाडजूड कादंबरी आणली, चाळीसेक पानं रेटली आणि ठेवून दिली. कामावरून आल्यावर कामगारांबद्दल कोण वाचणार?

कारण मी वॉटफर्डजवळच्या एका सँडविचच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर उभी असते. मंडळात सांगते, ‘फूड क्वालिटीत आहे.’ क्वालिटी कसली डोंबलाची! पावावर अंड्याचं सारण थापते मी.

मग भाषणात काय सांगितलं? आमचंच सगळं, कादंबरीतलं म्हणून. थंडीने बधिर झालेली बोटं, एक बाथरूमला गेली की शेजारणीने दोघींचं काम ओढणं, सुपरवायझरची चाहूल लागताच गप्पा थांबणं. फक्त सँडविचच्या जागी डब्यातले मासे घातले आणि वॉटफर्डचं हांबुर्ग केलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी! हीच माणसं ऑफिसात आमचं सँडविच अर्धं खाऊन टाकून देतात — जाऊ दे. त्यांच्यावर कशाला चिडतेय मी? मुद्द्यावर यायचं टाळतेय, दुसरं काय.

सविताबेन. पट्ट्यावर माझ्या शेजारी असायच्या. साठीच्या, गळ्यात तुळशीची कंठी. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच पगारावर. कारखान्यात दागिन्यांना बंदी, गळ्यात काही म्हणजे काही चालत नाही. त्या कंठी आत लपवायच्या, मी मंगळसूत्र. कपडे बदलताना दोघींनी एकमेकींचं पाहिलं होतं आणि हसलो होतो.

एका सकाळी माझ्या मंगळसूत्राची तार तुटली. आडोशाला जाऊन मी ते काढलं आणि गमबुटात कोंबलं — हो, बुटात. पण तोवर एक मणी सारणात पडला होता. पुढच्या मुलीला तो दिसला. पट्टा थांबला, सगळं सारण फेकून दिलं, आणि सुपरवायझर एकेकीचा गळा बघत आला.

कंठी सापडली. “नॉट माइन,” सविताबेन सांगत होत्या, “सी, माइन इज ब्राउन!” त्याच्या तळहातावर काळा मणी होता, समोर तपकिरी माळ होती. डोळे फुटले होते का त्याचे? मणी तो मणी, त्याला काय! उद्यापासून येऊ नका म्हणाला.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. नाव घेतलं असतं तर सुटल्या असत्या — नाही घेतलं. आणि मी? नवऱ्याला बेसिंगस्टोकमध्ये चांगली नोकरी, माझ्या पगारावाचून आमचं काहीच अडत नव्हतं. टाचेला मंगळसूत्राची वाटी टोचत होती. मी खाली मान घालून उभी राहिले.

हेही मी भाषणात घातलं. का घातलं, आजही सांगता येत नाही. मणी जपमाळेचा केला, सविताबेनची मार्टा केली, आणि गप्प राहिलेल्या बाईला नावच दिलं नाही. सगळे हळहळले. नेनेकाकू तर संतापल्याच, “अगं, काय नीच बाई आहे गं ती!”

“हो ना काकू,” मी म्हणाले, “अगदीच नीच.”

काकू नंतर ती कादंबरी मागत होत्या, ते पान वाचायला. मी म्हटलं, परत केली. ते पान त्या कादंबरीत नाही.

सविताबेनच्या जागी आता दुसरी बाई उभी असते. मंगळसूत्र मी नव्या तारेत ओवून घेतलंय. रोज आत लपवून घालते.