न दिलेला वन्स मोअर

भाऊसाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांच्याशीच भांडत होतो. सकाळचे साडेआठ, बाजूला चहा गार होतोय, आणि मी मोबाईलवर एका बोटाने टाईप करतोय, "भाऊसाहेब, तान कशाला म्हणतात आणि हेल कशाला, हे आपल्याला ठाऊक आहे का?" पाठवणार तेवढ्यात त्यांच्याच नंबरवरून आमच्या व्हॉट्सॲप गटावर मेसेज पडला. त्यांच्या मुलाने लिहिला होता. वडील पहाटे नाशिकच्या दवाखान्यात वारले, अंत्यविधी दुपारी एक वाजता. खाली माझं वाक्य तसंच... चार दिवस ते दवाखान्यात होते आणि मला पत्ता नव्हता. चार दिवस त्यांचं उत्तर आलं नाही म्हणून मी मनात म्हणत होतो, बसवला की नाही गप्प! असला मी त्यांचा तीस वर्षांचा मित्र.

भाऊसाहेब म्हणजे आमच्या कोपरगावातले एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचे कारकून. घरी चार एकर ऊस, अंगाने आडदांड, आवाज असा की काट्यावर बसून फाटकापलीकडच्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली तर तो दचकावा. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो. आमची गाठ पडली ती नाटकापायी. इथलं एक हौशी मंडळ तीसेक वर्षं एकच संगीत नाटक करत आलंय, 'संगीत रेवाविजय'. गणपतीत, जत्रेत, कारखान्याच्या सभागृहात, जिल्ह्यात कुठेही प्रयोग असो, आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी. पुढे मोबाईल आले तसा भाऊसाहेबांनी 'रेवा रसिक' नावाचा गट काढला. त्यावर मी प्रत्येक प्रयोगाचं परीक्षण लिहायचो आणि खाली सही करायचो 'कानसेन'. गटावरच्यांना माहीत होतं हा कानसेन कोण. बाहेर मात्र नाही. नाकाने कांदे सोलायला टोपणनाव फार सोयीचं पडतं.

या नाटकात एक रीत पडून गेली होती. दुसऱ्या अंकात बाप दार लावून घेतो आणि रेवा उंबऱ्याबाहेर उभी राहून भीमपलासातलं पद म्हणते. त्या पदाला वन्स मोअर मिळायचाच मिळायचा. इतका ठरलेला की पद संपल्यावर ऑर्गनवाले सूर सोडायचेच नाहीत, धरून बसायचे. बापाचं काम करणारा नटही पाठमोरा तसाच थांबायचा. मग कुणीतरी ओरडायचं आणि पद पुन्हा पहिल्यापासून. सुनंदाताई रेवा करत होत्या तोवर त्या थांबण्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही, कारण ते कधी दोन क्षणांच्या वर टिकलंच नाही. पण सुनंदाताईंचे गुडघे गेले, मग श्वास पुरेना, आणि तीन वर्षांपूर्वी मंडळाने जाहीर केलं की यापुढे रेवा करणार आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातली वैशाली. तिकडे डोंगरातल्या एका शाळेवर शिक्षिका, वय तिशीच्या आतबाहेर.

काय गदारोळ झाला म्हणता! गटाची सरळ दोन शकलं झाली. राहात्याचे लोक म्हणत, पोरीला संधी द्या. संगमनेरचे म्हणत, सुनंदाताई नाहीत तर नाटकच बंद करा. भाऊसाहेब म्हणाले, "आधी ऐकू तर द्या राव! भाकरी तव्यावर न्हाई तोच करपली म्हनता." आणि मी? मी तिची मंडळाने टाकलेली एक मिनिटाची चित्रफीत ऐकून निकाल देऊन मोकळा. हिचे उच्चार पाहा, ही रेवा वाड्यात वाढलेली वाटते की भातखाचरात? असं लिहिलं मी, कानसेनच्या सहीने. जन्मभर खेड्यातल्या पोरांना शिकवून हे लिहिलं. सुनंदाताईंनी स्वतः सहा महिने तिची तालीम घेतली होती, पण आम्ही त्यांच्यापेक्षा मोठे त्यांचे कैवारी! मग मी फर्मान काढलं, टाळ्या द्या, पाहुणी म्हणून द्या, पण भीमपलासाला वन्स मोअर कुणीही मागायचा नाही. तो सुनंदाताईंचा आहे. त्यावर चाळीस-पन्नास अंगठे पडले. भाऊसाहेबांचा त्यात नव्हता.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी चारचा, कोपरगावातच. आता जे सांगणार आहे ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. परीक्षण मी सकाळीच लिहून ठेवलं होतं. आंघोळ करून, शांतपणे, ऐटीत. पहिल्या अंकानंतर मध्यंतरात बाहेर येऊन मोबाईल पाहायला गेलो आणि या मेल्या बोटाने ते परीक्षण गटावर जाऊन पडलं. मला कळलंही नाही. भाऊसाहेब भज्यांची पुडी घेऊन माझ्याजवळ आले, मोबाईल माझ्यापुढे धरला आणि हळू म्हणाले, "सर, पद अजून व्हायचं हाय."

त्यात लिहिलं होतं, "दुसऱ्या अंकातलं भीमपलासाचं पद तर साफ कोसळलं." मी आजूबाजूला पाहिलं. लोक चहाच्या रांगेत होते, कुणी मोबाईल पाहत नव्हतं. गटाचे चालक भाऊसाहेब. त्यांनी तिथल्या तिथे मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवरून पुसून टाकला, मला दोन भजी दिली आणि म्हणाले, "चला, घंटा झाली." बास. एवढंच. पुन्हा जन्मात तो विषय नाही. दुसरा कुणी असता तर मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नसती. मी असतो तर नक्कीच ठेवली नसती.

मग ते पद झालं. कसं झालं ते आज लिहितो, तेव्हा लिहायला हवं होतं. सुनंदाताई त्या पदात रडायच्या, आम्हालाही रडवायच्या. ही रडली नाही. दाराकडे बघत राहिली आणि अशी गायली की आत बाप ऐकतोय हे तिला माहीत आहे. माझ्या हातावर काटा आला. मी बाही खाली ओढून घेतली. पद संपलं. ऑर्गनवाल्यांनी सूर धरला. बाप पाठमोरा उभा. आणि सभागृह गप्प. माझं फर्मान लोकांनी तंतोतंत पाळलं होतं. ती पोर तशीच उभी, पुढचं वाक्य म्हणावं की थांबावं हे तिला कळेना. सूर लांबत चालला... तिचे ओठ थरथरताना मला तिसऱ्या रांगेतून दिसत होते. आणि भाऊसाहेब उठले. "वन्स मोअर!" तोच काट्यावरचा आवाज. मीही उठलो आणि त्यांचा खांदा धरून खाली ओढायला लागलो. "बसा हो, बसा, शोभा होतेय!" शर्टाची शिवण टर्रकन उसवली. ते माझ्याकडे न बघता पुन्हा ओरडले, "वन्स मोअर!" तिने आमच्याकडे पाहिलं, मान लववली आणि पद पुन्हा घेतलं. आधीपेक्षा चांगलं.

एवढं होऊनही संध्याकाळी मी परीक्षण टाकलंच, शब्द न बदलता. वर आणखी एक ओळ जोडली, "काहींना ऊस तोलता येतो म्हणून गाणं तोलता येतंच असं नाही." उचलली जीभ, लावली टाळ्याला! सगळे हसले. भाऊसाहेबांनी फक्त हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. एका शब्दाने ते माझी अब्रू काढू शकत होते, आणि त्यांनी ती काढली नाही, याचाच मला राग येत राहिला. त्यानंतर मी जागा बदलली, सातव्या रांगेत बसू लागलो. ते तिसऱ्याच रांगेत, शेजारच्या खुर्चीवर माझ्यासाठी रुमाल टाकून. तीन वर्षं मी गटावर त्यांना टोचत राहिलो आणि ते सणासुदीला मला घरच्या गुळाची ढेप पाठवत राहिले. मी तो गूळ खाल्लाही. माणसाने किती निर्लज्ज असावं?

दशक्रिया गोदावरीच्या घाटावर झाली. पुढाऱ्यांची भाषणं झाली, त्यात नाटकाचं नावही कुणी काढलं नाही. मी गर्दीच्या कडेला उभा होतो. तिथे अकोल्याहून पहाटेची एसटी धरून वैशाली आली होती. मला शोधत आली आणि भर घाटावर वाकून माझ्या पाया पडली. म्हणाली, "सर, पहिल्या प्रयोगाला तुमी आनि भाऊ दोघंच उठला हुता. तुमी दोघं उठला नसता तर मी त्याच दिवशी नाटक सोडनार हुते. भाऊंनी मला सांगितलं, शेजारी उभे हुते ते आमचे सर, त्यांना गान्यातलं लई कळतं."

म्हणजे तेही त्यांनी झाकून ठेवलं होतं. नुसतं झाकलं नाही, त्यावर माझ्या नावाने हार घातला होता. मी काय म्हणालो असेन? "छान गातेस, पोरी," म्हणालो. आशीर्वादाचा हात ठेवला! मग तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या प्रयोगाआधी कानसेन नावाच्या कुनी गटावर लिहिलं हुतं, भातखाचरातली रेवा म्हनून. मला कुनीतरी धाडलं हुतं. मला पाठ हाय ते. कोन हाय ते भाऊंना लई वेळा विचारलं. म्हनायचे, असल कुनी, त्याचा कान दुखत असल, तू गा. तुमाला म्हाईत हाय का सर?"

"नाही," मी म्हणालो.

नदीकाठी, भाऊसाहेबांच्या पिंडाला कावळा शिवायची वाट बघत लोक उभे होते आणि मी खोटं बोललो. त्यांनी माझ्यासाठी इतकी वर्षं खोटं सांगितलं ते मायेने. माझं भेकडपणाचं. आता वैशालीपासून मला झाकायला ते नाहीत, आणि मला रात्र रात्र झोप नाही, म्हणून हे वर्तमानपत्राच्या या पुरवणीत नावानिशी लिहितोय. भाऊसाहेबांना गाण्यातलं माझ्याहून अधिक कळत होतं. माणसांतलं तर कितीतरी जास्त.

वैशाली, कानसेन मीच. त्या दुपारी मी उभा राहिलो तो भाऊसाहेबांना खाली बसवायला. यापुढे कुठे भेटलो तर माझ्या पाया पडू नकोस.