नोराच्या दुकानातलं हळदीकुंकू

किलब्रायन गावच्या मेन स्ट्रीटवर एकवीस दुकानं आहेत आणि त्यांतली सतरा बंद आहेत, ही गोष्ट मी चौऱ्याऐंशी पानांत लिहिली होती. आईनं गाडीतून एकदाच बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "सगळं बंदच दिसतंय की रे."

मी या गावाचा नगर नियोजक. म्हणजे गाव कसं वाढावं हे ठरवायला पगारी ठेवलेला माणूस. (गाव माझ्या आधीपासून आटत होतं, हे नम्रपणे नमूद करतो.) आम्ही राहतो त्या एडिसनहून सव्वा तासाचा ड्राइव्ह. कधीकाळी कालवा खणायला आलेल्या आयरिश मजुरांनी वसवलेलं गाव. दिव्यांच्या खांबांवर अजून तीन पानांची हिरवी नक्षी आहे. हायवेला मोठा मॉल आला आणि मेन स्ट्रीटवर त्या खांबांना टेकून उभं राहायलाही कोणी उरलं नाही.

उरलेल्या चार दुकानांपैकी एक नोराचं. लोकरीचं. आयर्लंडहून आलेल्या तिच्या आजीनं काढलेलं. नोरा पंचाहत्तरीची, नवरा गेल्यापासून दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. शनिवारी कामावर जाताना मी तिला नोराकडे सोडायचो आणि दोघी दिवसभर विणत बसायच्या. आईला इंग्रजी येत नाही, नोराला मराठी येत नाही, त्यामुळे दोघींचं कधी भांडण झालं नाही.

आणि कौन्सिलनं ठरवलं होतं की नोराच्या बाजूची सगळी रांग पाडायची आणि तिथे पार्किंग लॉट करायचा. कोणाच्या गाड्यांसाठी, हे विचारायचं नाही. मी धावपळ करून राज्य सरकारची एक योजना शोधली. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी तिघांची समिती येणार. रस्त्यात जीव आहे असं त्यांना वाटलं, तर जुनी दुकानं दुरुस्त करायला मदत मिळणार. नाही वाटलं तर बुलडोझर. चार वाजता ते कौन्सिलच्या ऑफिसात भेटणार, पण त्याआधी कोणाला न सांगता आपापले रस्त्यावर फिरणार. पत्राच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: गर्दी जमवण्यासाठी फुकट वाटप केल्याचं आढळल्यास अर्ज बाद.

ती ओळ मी बारा वेळा वाचली. घरी मात्र कोणाला वाचून दाखवली नाही.

घरी मी एवढंच म्हणालो, "आई, या वर्षी हळदीकुंकू कॅन्सल. नेमका त्याच शनिवारी माझा इव्हेंट आहे."

आई काहीच बोलली नाही. आता, बाबा गेल्यावर 'तुम्ही आता नका बोलावू' असं कोणीतरी आडून सुचवलं होतं, तेव्हाही ती काहीच बोलली नव्हती. पुढच्या संक्रांतीला तिनं दुप्पट बायका बोलावल्या आणि सुचवणाऱ्या बाईंना पहिलं कुंकू लावलं. हा इतिहास माहीत असलेला मुलगा सावध झाला असता. मी बॅनर छापायला गेलो.

शनिवारी कडाक्याची थंडी होती. आईनं विणलेली तपकिरी माकडटोपी घालून मी रस्त्याच्या वरच्या टोकाला उभा होतो. टोपीतून डोळे आणि नाकाचा शेंडा एवढंच दिसत होतं. एका दिवसापुरती आम्ही तीन बंद दुकानं उघडली होती: एकात ब्रेड, एकात जुनी पुस्तकं, एकात मातीची भांडी. अकरापर्यंत त्या तिन्ही दुकानांत मिळून एक कुत्रा येऊन गेला. तेवढ्यात नोरा लगबगीनं आली.

"मिलिंद, समितीसमोर अशी कशी जाऊ? केस सेट करून येते. आपलं सलून तर बंद आहे, शेजारच्या गावात जावं लागेल. दुकानात तुझी आई आहे."

"आणि बिलिंग?"

"तुझी बायको आहे ना," असं म्हणून नोरा गेली.

साडेअकराला पहिली गाडी आली. मग दुसरी. मग गाड्यांची रांगच लागली. त्यातून बायका उतरल्या. काळ्या साड्या, वर काळी जॅकेटं, पायांत स्नो बूट. संक्रांतीचं काळं. एडिसनच्या आमच्या ओळखीच्या सगळ्या काकू आणि मावश्या एकामागून एक नोराच्या दुकानात शिरत होत्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आई रुसली नव्हती. उलट तिनं माझ्यासाठी गिऱ्हाईक जमवलं होतं. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. (नंतर परत घेतली.)

समोरच्या घरातून एक म्हातारेबुवा बाहेर आले. काळ्या कपड्यांतली ती रांग ते बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी हॅट काढली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुमच्या दुःखात आम्ही सगळे आहोत."

मला वाटलं, त्यांनी माझी चौऱ्याऐंशी पानं वाचली. माझे डोळे पाणावले. ते पाहून त्यांची खात्रीच पटली आणि ते घरात फोन करायला गेले.

पुढच्या अर्ध्या तासात किलब्रायनची दारं उघडली. जी माणसं मी सर्व्हेसाठी तीनतीनदा बेल वाजवूनही मला दिसली नव्हती, ती काळा कोट घालून, हातात झाकलेली भांडी घेऊन रस्त्यावर आली. आयरिश वळणाच्या गावात कोणी गेलं की सगळं गाव त्या घरी जातं, आणि जाताना खायला घेऊन जातं. नोरा सकाळपासून दिसत नव्हती आणि तिच्या दारात काळ्या कपड्यांतल्या चाळीस बायका होत्या. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं होतं. फक्त त्यांच्या नगर नियोजकाला काही समजलं नव्हतं. तो कोपऱ्यावर उभा राहून खुशीत माणसं मोजत होता.

एवढ्यात एक गोऱ्या आजी माझ्या शेजारून गेल्या. कपाळावर हळदीकुंकू. एका हातात तिळाचा लाडू, दुसऱ्या हातात हिरव्या लोकरीचा गुंडा.

"किती सुंदर पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "पैसे विचारले तर त्या बाई रागावल्याच माझ्यावर."

माझ्या पायांतली थंडी डोक्यात गेली. जानेवारीत आई कोणत्याही बाईला दारातून वाण दिल्याशिवाय सोडणार नाही, हे मला पाळण्यापासून माहीत होतं. तरी तिला भरलेल्या दुकानात, भरल्या संक्रांतीच्या महिन्यात, मीच बसवून आलो होतो.

मी मृणालला, माझ्या बायकोला, फोन लावला. "आई काय वाटतेय?"

"वाण," मृणाल म्हणाली. मागे हा गोंधळ. "अरे, मला वाटलं तुमचं आधीच ठरलंय. फार छान चाललंय, यार. प्रत्येकीला शोभेल असा रंग काढून देतायत. दरवर्षी वाणाला तू आणतोस त्या प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा कितीतरी बरं."

"मृणाल, फुकट वाटप म्हणजे अर्ज बाद! नोराची रांग पाडतील!"

"मग हे तू आधी का नाही सांगितलंस?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. समितीची माणसं कुठल्याही क्षणी, कुठूनही येणार होती. मी त्या हिरव्या गुंड्यामागे धावलो.

"मॅडम, सॉरी, तेवढी लोकर परत मिळेल का?"

आजींनी घाबरून दिली. दुसऱ्या बाईंनीही दिली. तिसरीनं दिली, पण नवऱ्याला हाक मारली. माझ्या काखेत पाच गुंडे जमले आणि मागे लाल लोकरीचा एक धागा अर्ध्या रस्त्यावर लोळत होता. तेवढ्यात राखाडी कोटातल्या एक उंच बाई दुकानातून बाहेर आल्या. हातात निळा गुंडा.

"मॅडम, प्लीज. तो परत द्या."

"का?"

"ते मला नाही सांगता येणार."

"हा मला त्या आजींनी दिलाय," असं म्हणून त्यांनी गुंडा घट्ट धरला. मीही धरला. आम्ही दोघं मेन स्ट्रीटच्या मधोमध लोकर ओढत उभे राहिलो. त्यांची पकड माझ्यापेक्षा चांगली होती.

शेवटी मी हरलो आणि दुकानात घुसलो. आत पाय ठेवायला जागा नव्हती. आई खुर्चीत बसून कुंकू लावत होती, मृणाल गुलाबपाणी शिंपडत होती, आणि मागची सगळी फळ्या-फळ्यांची भिंत, जिथे नोराची लोकर रंगांनुसार रचलेली असायची, ती रिकामी होती.

"आई, हे नोराचं दुकान आहे. हा तिचा माल आहे."

"माहीत आहे मला. तू भरून देशील ना."

"अगं, पण पैसे घ्यायचे होते!"

आईनं हातातली कुंकवाची कुयरी खाली ठेवली आणि सबंध एडिसनसमोर मला म्हणाली, "संक्रांतीच्या महिन्यात बाई दारात आली आणि मी तिच्याकडे पैसे मागू? तुझा इव्हेंट आहे म्हणून घरचं केलं बंद. दारात आलेलीलाही हाकलू का आता?"

मला खरोखर रडायला आलं. आईचा राग नव्हता आला, माझाच आला होता. एवढं सगळं सुधारायला निघालो आणि तिला एकदा नीट विचारलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि नोरा आत आली. केस सेट केलेले, गाल लाल. बाहेर सगळं गाव हॅट काढून उभं होतं आणि त्यांच्यामधून ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती. एक बाई मटकन खाली बसली. नोरानं काळ्या साड्या पाहिल्या, झाकलेली भांडी पाहिली, रिकामी भिंत पाहिली.

"जिवंत असताना," ती म्हणाली, "माझ्याकडे एवढी माणसं कधी आली नव्हती."

आईनं तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि कुंकू लावलं. गावकऱ्यांनी भांडी उघडली. मेल्याचं जेवण जिवंत माणसासोबत जेवायला कोणाचीच हरकत नव्हती.

चार वाजता मी माकडटोपी खिशात कोंबून नोराबरोबर कौन्सिलच्या ऑफिसात गेलो. समितीच्या अध्यक्षांच्या खुर्चीत राखाडी कोटातल्या उंच बाई बसल्या होत्या. कपाळावर कुंकू, टेबलावर निळा गुंडा. मी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर न बसता भिंतीकडे तोंड करून नकाशा पाहू लागलो.

नोरानं सगळं खरं सांगितलं. लोकर फुकट वाटली, गर्दी मयतीला जमली, आणि नियम मोडला तो मोडलाच.

"आणि टोपीवाला माणूस कोण होता?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "माझ्या हातातून लोकर ओढणारा?"

नोरानं चहाचा सावकाश घोट घेतला. "त्याला या रस्त्यावर मी तरी याआधी कधी पाहिलेलं नाही," ती म्हणाली. (टोपी मी त्याच दिवशी पहिल्यांदा घातली होती, त्यामुळे हे अक्षरशः खरं होतं.)

तिघं बाहेर जाऊन आपसांत बोलले. परत येऊन म्हणाले, गर्दी वाटपासाठी जमली नव्हती म्हणून अर्ज बाद करत नाही, पण नियमाप्रमाणे आजचा दिवस धरता येणार नाही. महिन्याभरात कधीतरी पुन्हा येऊ, न सांगता. तेव्हा फुकट वाटप नको.

म्हणजे आता सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेही मयत न होता. मी तीन रात्री झोपलो नाही. नोराची लोकर भरून दिली, नवा बॅनर छापला आणि बॅनरकडे पाहून आणखी खचलो. चौथ्या दिवशी आईनं विणता विणता विचारलं, "एका गुंड्यात काय होतं रे?"

"काय होतं?"

"काहीच होत नाही. एका कानाची टोपी होते."

पुढच्या शनिवारी अकरा वाजता हिरव्या गुंड्यावाल्या आजी आल्या. अर्धी टोपी हातात. त्यांना त्याच रंगाचा दुसरा गुंडा हवा होता आणि तो रंग नोराशिवाय कोणाकडे नव्हता. त्यांच्यामागे लाल मोज्यावाली. मग एडिसनहून दोन गाड्या भरून काकू. ज्यांना विणता येत नव्हतं त्या शिकायला बसल्या; नोरा इंग्रजीतून उसवायची, आई मराठीतून. ब्रेडवाल्यानं दुकान त्या दिवसापुरतं उघडलं होतं, ते पुन्हा बंद केलंच नाही, कारण बसलेल्या बायकांना भूक लागते. तिसऱ्या शनिवारी राखाडी कोटातल्या बाई आल्या तेव्हा त्यांना खुर्ची मिळाली नाही. त्या निळ्या लोकरीचे दोन गुंडे विकत घेऊन उभ्या उभ्या विणत राहिल्या.

अहवाल तीन पानांचा आला. रांग पाडू नये, रस्त्यात जीव आहे, असं पहिल्याच ओळीत होतं. दुसऱ्या पानावर आलेल्या माणसाला आधी बसवून घेण्याच्या आईच्या पद्धतीचं कौतुक होतं. माझ्या चौऱ्याऐंशी पानांचा उल्लेख 'सोबत जोडलेली कागदपत्रे' असा होता. नोरा पहिल्या ओळीनंतर पुढे वाचूच शकली नाही. तिनं आईला मिठी मारली आणि दोघी आपापल्या भाषेत रडल्या.

तिसऱ्या पानावर एक अट होती. तपकिरी टोपीनं चेहरा झाकलेला एक इसम महिलांकडून लोकर हिसकावून घेताना अध्यक्षांना स्वतः आढळला आहे. तो यापुढे शनिवारी मेन स्ट्रीटवर दिसणार नाही, याची लेखी हमी गावानं द्यावी. खाली नगर नियोजकाच्या सहीसाठी जागा सोडली होती.

मी सही केली. तेव्हापासून दर शनिवारी मी घरी बसतो. नगर नियोजक म्हणून माझ्या सहीनं निघालेली आणि तंतोतंत अमलात आलेली ती आजवरची एकमेव योजना.